सिव्हिलिते : राष्ट्राचे अक्षर होऊ पाहणाऱ्या एका टंकाची हकीकत

इ. स. १५५७ मध्ये फ्रान्समधील लियों शहरी रोबेर ग्राँजों नावाच्या टंककाराने एक पुस्तक छापले. रिंगिएरी या इटालियन लेखकाच्या जीवन-मृत्यूविषयक संवादाचे ते फ्रेंच भाषांतर होते. मजकुरासाठी ते आज सहसा कोणी उघडत नाही. त्याचे महत्त्व आहे ते त्यातील अक्षरांमुळे. त्या काळी फ्रान्समधले नोटरी, कारकून, व्यापारी आणि शिकलेसवरलेले गृहस्थ ज्या धावत्या वळणाने रोज कागदावर लिहीत, त्याच वळणाचे खिळे ग्राँजोंने पाडले होते. यामागचा हेतूही त्याने पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत उघड सांगितला आहे. हिब्रू, ग्रीक, रोमन या लोकांपाशी आपापली अक्षरे आहेत. मग फ्रेंचांनीच दुसऱ्यांची अक्षरे उसनी का घ्यावीत, असा त्याचा सवाल होता. आपल्या टंकाला त्याने नाव दिले होते ‘हातवळणाचे फ्रेंच अक्षर’.

हाच टंक आज ‘सिव्हिलिते’ या नावाने ओळखला जातो आणि संगणकावरील शोभेच्या टंकांत गणला जातो. निमंत्रणपत्रिकेचा मथळा, सन्मानपत्रावरचे नाव, एखाद्या जुन्या धाटणीच्या दुकानाची पाटी, एवढेच काम त्याच्याकडे उरले आहे. राष्ट्राचे अक्षर व्हावे म्हणून जन्माला आलेला टंक शोभेच्या पेटीत कसा गेला, ही हकीकत आम्ही येथे थोडी विस्ताराने मांडत आहोत. बेळगाव, निपाणी, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील ज्या मराठी घरांत मोडीचे रुमाल अजून बांधलेले आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाही.

ग्राँजोंचा सवाल आकाशातून पडलेला नव्हता. १५३९ साली पहिला फ्रान्सिस या राजाने विलेर-कोत्रे येथून एक फर्मान काढले. त्याच्या ११० आणि १११ या कलमांनी न्यायालयीन निवाडे व दस्त लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहिण्याचे बंधन घातले. (कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही दोन कलमे जरूर वाचावीत. निवाडा पक्षकाराला समजेल अशा भाषेत असावा, हे तत्त्व त्यांत आहे. आणि त्याच कलमांच्या आधाराने दक्षिणेतील ऑक्सितान भाषकांची लेखी भाषा पुढे मागे पडली, हेही आहे. भाषेचा कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो हे आपण कुठे राहतो यावर ठरते, याचा अनुभव सीमाभागाला वेगळा सांगायला नको.) १५४९ साली द्यु बेले या कवीने फ्रेंच भाषेच्या कैवाराचा आपला प्रसिद्ध जाहीरनामा लिहिला. मधल्या दशकात राजाज्ञेने गारामों या टंककाराने ग्रीक अक्षरांचे देखणे खिळे कोरले होते. म्हणजे भाषा राज्याच्या प्रतिष्ठेचा विषय झाली होती, आणि अक्षरेही होऊ लागली होती. ग्राँजोंने त्या दोन गोष्टी एकत्र जोडल्या: भाषा आपली, तर अक्षरही आपले.

गोम अशी होती की तोवर फ्रेंच मुद्रकांनी निवड करून टाकलेली होती. जुने काळे, टोकदार गॉथिक अक्षर मागे पडून इटलीतून आलेले गोल, सुटे रोमन अक्षर पॅरिसमध्ये १५३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत स्थिरावले होते. जोफ्रुआ तोरी याने १५२९ च्या आपल्या ग्रंथात त्या अक्षराचा पाया शास्त्रशुद्ध घातला, गारामोंने त्याला रूप दिले. ग्राँजों आला तेव्हा छापील फ्रेंच वाचणाऱ्या माणसाचा डोळा रोमनला सरावलेला होता. हात मात्र अजून जुन्याच वळणाने लिहीत होता. डोळा एका अक्षराचा आणि हात दुसऱ्या अक्षराचा, अशी ती स्थिती होती. बाळबोध वाचणाऱ्या आणि मोडी लिहिणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ती समजावून सांगावी लागली नसती.

ग्राँजोंचे कसब केवढे होते हे कळण्यासाठी खिळा कसा तयार होई ते पाहावे लागते. पोलादाच्या बारीक कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ती कांडी कठीण करून तांब्याच्या तुकड्यात ठोकायची, म्हणजे तेथे अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. तो ठसा हातसाच्यात बसवून वितळलेले शिसे ओतायचे, की एक खिळा पडतो. असे शेकडो खिळे पाडून जुळाऱ्याच्या घरांत भरायचे. प्रत्येक खिळा म्हणजे स्वतंत्र चौकोनी ठोकळा, शेजाऱ्यापासून सुटा. आणि धावत्या हाताचे लिखाण म्हणजे नेमके याच्या उलट. त्यात अक्षर शेजाऱ्यात शिरते, शेपूट पुढच्या अक्षराखाली जाते, शब्दाच्या आरंभी एक रूप, मध्ये दुसरे, आणि शेवटी लेखणी उचलताना मारलेला तिसराच फराटा.

ग्राँजोंने यावर शोधलेला उपाय आम्हाला फार बुद्धिमान वाटतो. एका अक्षराला एकच खिळा, हा नियम त्याने सोडून दिला. काही अक्षरांची आरंभीची, मधली आणि शेवटची अशी वेगवेगळी रूपे कोरली. नेहमी जोडीने येणाऱ्या अक्षरांचे जोडखिळे केले. शब्दाच्या अखेरीस येणाऱ्या अक्षरांना झुपकेदार शेपट्या दिल्या, जेणेकरून ओळ छापील असूनही लेखणी तेथे क्षणभर थांबल्याचा भास व्हावा. खिळे सुटेच आहेत, पण वाचणाऱ्याला हात धावताना दिसतो. हा माणूस काही नवशिका नव्हता. त्याची तिरपी अक्षरे आणि वेलबुट्टीचे खिळे अर्ध्या युरोपात विकले जात होते. विसाव्या शतकातील ‘प्लँटिन’ आणि ‘गॅलियार्ड’ हे नावाजलेले टंक त्याच्याच अक्षरांवरून घडले.

राजा दुसरा हेन्री याने ग्राँजोंला १५५७ च्या डिसेंबरात दहा वर्षांचा विशेषाधिकार बहाल केला. या अवधीत दुसऱ्याने हे अक्षर करू नये, असा त्याचा आशय. वकिलाच्या नजरेने पाहता टंकाच्या रूपाला दिलेल्या संरक्षणाचे हे फार जुने उदाहरण आहे. पण सनद कागदावर राहिली. मुदत नुकती सुरू झाली होती, तोच पॅरिसमध्ये फिलिप दाँफ्री आणि रिशार ब्रेतों यांनी स्वतः कोरलेल्या तशाच धाटणीच्या खिळ्यांनी पुस्तके काढली. हा दाँफ्री पुढे राजाच्या नाण्यांचा मुख्य ठसेकोरक झाला, त्यामुळे त्याचे फारसे काही बिघडले असे दिसत नाही. कोणी म्हणेल की चार शतके उलटली, आता कायदा सुधारला असेल. अमेरिकेत १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या निवाड्याने टंकाच्या रूपावर स्वामित्वहक्क मिळत नाही असेच ठरवले. तेथे संगणकावरील टंकाला संरक्षण आहे ते त्याच्या आज्ञावलीला, अक्षराच्या रूपाला नाही.

टंकाला आजचे नाव मिळाले ते शिष्टाचाराच्या पुस्तकांमुळे. इरॅस्मसने १५३० साली मुलांच्या चालीरीतींवर एक लहानसे लॅटिन पुस्तक लिहिले होते. नाक कसे शिंकरावे, जेवताना कसे बसावे, वडीलधाऱ्यांसमोर कसे बोलावे, असा सारा मजकूर. त्याचे फ्रेंच रूप १५५९ मध्ये अँटवर्प येथे या हातवळणाच्या टंकात निघाले. नावात ‘सिव्हिलिते’ म्हणजे सभ्याचार हा शब्द होता. दाँफ्री आणि ब्रेतों यांनीही त्याच सुमारास मुलांच्या सभ्याचाराचे एक पुस्तक काढले. ही पुस्तके इतकी खपली की पुस्तकाचे नाव टंकाला चिकटले, आणि ‘फ्रेंच अक्षर’ हे नाव विरून गेले. राष्ट्राचा अभिमान म्हणून कोरलेले अक्षर दोन-तीन वर्षांत शाळेच्या बाकावर येऊन बसले.

ग्राँजोंचे गिऱ्हाईक पुढे फ्रान्सबाहेर अधिक वाढले. अँटवर्पचा थोर मुद्रक क्रिस्तॉफ प्लांतँ याने त्याच्याकडून टंक घेतले. त्याच प्रदेशात आमेत ताव्हर्निए आणि घेंटचा हेन्द्रिक व्हान डेन केरे यांनी फ्लेमिश लोकांच्या हातवळणाप्रमाणे आपापले सिव्हिलिते कोरले. फ्रेंचांचे म्हणून केलेले अक्षर असे शेजारच्या भाषेने आपलेसे केले आणि तेथे ते बराच काळ टिकलेही. खुद्द ग्राँजों आयुष्याच्या अखेरीस रोमला गेला आणि तेथे त्याने अरबी, सिरियाक, आर्मेनियन व सिरिलिक अक्षरे कोरली. स्वतःच्या राष्ट्राला स्वतःचे अक्षर हवे म्हणणाऱ्या या कारागिराचे शेवटचे मोठे काम इतरांच्या अक्षरांचे आहे. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. ज्याला आपल्या अक्षराचे मोल कळते त्यालाच दुसऱ्याचेही कळते.

फ्रान्समध्ये हे अक्षर सर्वसाधारण छपाईत का रुजले नाही? पहिले कारण पैशाचे. जास्त रूपे म्हणजे जास्त ठसे, जास्त शिसे, जुळाऱ्यासमोर जास्त घरे आणि तासाला कमी ओळी. पुढे आलेल्या नाजूक शेपट्या दाबाखाली मोडतात, हा वेगळा भुर्दंड. दुसरे कारण बाजाराचे. रोमनमध्ये छापलेले फ्रेंच पुस्तक इटलीत, इंग्लंडात, जर्मनीत कोणालाही वाचता येई. सिव्हिलितेतले पुस्तक फ्रेंच हात ओळखणाऱ्यालाच. तिसरे कारण आमच्या मते सर्वांत निर्णायक. पुढच्या शंभर वर्षांत फ्रेंच हातच बदलला. इटालियन वळण आणि नवे गोल वळण रूढ झाले आणि ज्या हाताची नक्कल म्हणून टंक जन्मला होता तो हातच कागदावरून नाहीसा होऊ लागला.

यातले पहिले कारण, ठशांच्या संख्येचे, थेट आपल्या भूमीवर येऊन पोहोचले होते. ग्राँजोंच्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १५५६ साली, हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात उतरला. तेथे राहून मराठी शिकलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात या देशाच्या भाषेत व या देशाच्या अक्षरांत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा कळवली आहे. अडचण म्हणून त्याने आकडाच दिला: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सहाशे साचे करावे लागतील. साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. ओवी मराठी, अक्षर रोमन. गोव्यात लिपीचा वाद आजही का पेटतो याचा एक धागा त्या सहाशे साच्यांच्या हिशेबापाशी जातो.

फ्रान्सकडे परतू. सर्वसाधारण छपाईतून बाहेर पडलेला सिव्हिलिते शाळेत मात्र तग धरून राहिला, आणि त्याचे कारण शोभा नव्हते. गरीब मुलांसाठी शाळा काढणारे जाँ-बातिस्त द ला साल यांचे ख्रिस्ती सभ्याचारावरील पुस्तक १७०३ मध्ये निघाले, तेही याच टंकात. त्यांच्या शाळांत वाचनाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी अक्षरांचे तक्ते, मग सोपी पुस्तके, पुढे सभ्याचाराचे पुस्तक. आणि त्यानंतर मुलांच्या हाती देत ते हाताने लिहिलेले जुने कागद. करार, पावत्या, दस्त. सुताराच्या, विणकराच्या मुलाने मोठेपणी आपल्या घराचा कागद स्वतः वाचावा, यासाठी छापील अक्षर आणि हाताचे अक्षर यांच्यामध्ये एक पूल हवा होता. तो पूल म्हणजे सिव्हिलिते. टंकाच्या सबंध इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हे काम. राजाच्या सनदेला जे साधले नाही ते शाळेने साधले. एकोणिसाव्या शतकात हात पुरता बदलला, जुने दस्त वाचणे हे तज्ज्ञांचे काम झाले, पॅरिसमध्ये त्यासाठी १८२१ साली खास विद्यालय निघाले. त्यानंतर सभ्याचाराच्या पुस्तकांतूनही हा टंक गेला.

त्यानंतरचे सगळे पुनरुज्जीवनच म्हणायचे. १९२२ च्या सुमारास अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी मॉरिस फुलर बेंटन यांनी नवा सिव्हिलिते आखला. पर्यायी अक्षररूपे त्यांनी ठेवली, पण वळणे विसाव्या शतकाच्या वाचकाला ओळखू येतील अशी केली. हा टंक मथळ्यांचा आणि निमंत्रणांचा झाला. याने कोणी वाचायला शिकावे असा हेतूच नव्हता. १९६६ मध्ये हॅरी कार्टर आणि व्हरव्लीट या दोन अभ्यासकांनी सिव्हिलिते टंकांची सविस्तर सूची व इतिहास सिद्ध केला आणि विषयाला शास्त्रीय पाया मिळाला. १९८० च्या दशकात जर्मन सुलेखनकार हर्मान झाप्फ यांचा सिव्हिलिते अमेरिकेतील एका हौशी ओतकाराने धातूत पाडला. तो ग्राँजोंची नक्कल नसून झाप्फ यांच्या स्वतःच्या लेखणीचा आहे. त्यानंतर जोनाथन हेफ्लर यांनी ‘सेंट ऑगस्टीन सिव्हिलिते’ संगणकावर आणला. (सेंट ऑगस्टीन हे खिळ्याच्या आकाराचे जुने नाव, पॉइंटाचे माप रूढ होण्यापूर्वी आकारांना अशी नावे असत.) त्यात जुन्या अक्षरांचे ओबडधोबडपण राखले आहे. आम्हाला बेंटनपेक्षा तो अधिक प्रामाणिक वाटतो, मग पत्रिकेवर तो कमी शोभो.

आता मोडीविषयी. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले होते. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टंकात आहे. म्हणजे धावत्या मराठी हाताचे खिळे पाडण्याचा उद्योग आपल्याकडेही झाला, आणि तो मराठी मुलखाच्या बाहेर, बंगालात झाला. मुंबईत मात्र छपाईची मराठी बाळबोधीत स्थिरावली. मोडी वाचनाची शालेय पुस्तके निघाली ती बहुधा शिळाछापावर, कारण दगडावर हाताचे वळण जसेच्या तसे उतरते, ठशांचा हिशेब करावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राथमिक शाळेत मोडी होती. ला साल यांच्या शाळेतील पूल तो हाच. तो काढून घेतला त्याच सुमारास, १९५६ साली, बेळगाव आणि कारवार मुंबई राज्यातून गेले. आमच्या भागात म्हणून दुहेरी खंड पडला. कागद मराठीत, अक्षर मोडीत, आणि कचेरी कन्नडमध्ये.

पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ९० प्रमाणे, योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांहून जुना दस्त ज्याच्या हातचा म्हणून दाखवला आहे त्याच्याच हातचा आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. नव्या अधिनियमातही ही तरतूद आहे. पण दस्तात लिहिले आहे काय, हे कोणतेही कलम गृहीत धरत नाही. ते वाचावे लागते. वतनाचा कागद, वाटणीपत्र, देवस्थानच्या जमिनीची सनद न्यायालयात येते तेव्हा सोबत कोणा मोडी वाचकाचे बाळबोध लिप्यंतर जोडतात आणि उलटतपासणी होते ती त्या वाचकाची. त्याने ‘पैकी’ या शब्दाच्या ठिकाणी दुसरे काही वाचले तर अर्धी जमीन सबंध होते. अशा वाचकांची संख्या दर वर्षी घटताना आम्ही पाहत आहोत.

मोडीचेही पुनरुज्जीवन चालू आहे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, त्यावर मुक्त टंक निघाले. शिवजयंतीचे फलक, सदऱ्यांवरची नावे, लग्नपत्रिकांचे मथळे आता मोडीत दिसतात. त्याचा आम्हाला आनंद आहे. परंतु फलक लावणाऱ्याच्या हाती घरातला रुमाल दिला तर तो थांबतो, आणि हा दोष त्याचा नाही. तक्त्यावर शिकवलेली मोडी सुटी असते. कारकुनाच्या घसटीत एका शब्दातले अक्षर दुसऱ्यात जाते, शब्द तुटत नाहीत, वरची रेघ आधीच आखलेली असते आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे खुणेसारखी येतात. बहुतेक टंक एका अक्षराला एकच ठरीव रूप देतात, म्हणून टंक वाचता येणाऱ्याला कागद वाचता येत नाही.

ग्राँजोंला १५५७ मध्ये नेमकी हीच अडचण आली होती आणि त्याने ती पोलादात सोडवली होती: आरंभीचे रूप, मधले रूप, शेवटचे रूप, नेहमीच्या जोड्या. संगणकाच्या टंकात हे करायला सहाशे साच्यांचा खर्च येत नाही. शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलण्याची सोय त्यात मुळातच आहे. लागतात ते नमुने, आणि नमुने रुमालांत आहेत. पेशवाईच्या उत्तरकाळातील बेळगाव-धारवाडकडचा हात, होळकरांच्या आणि शिंद्यांच्या दप्तरांतला हात, वडोदऱ्याच्या हुजूर कचेरीचा हात, तंजावरच्या सरस्वती महालातील कागदांचा हात यांत फरक आहेत. प्रत्येक हाताची पन्नास-साठ स्वच्छ पाने, त्यांवर तारीख व गाव, आणि त्यांचे जाणत्याने केलेले ओळीला ओळ लिप्यंतर, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. ज्या वाचकांकडे असे कागद असतील त्यांनी रुमाल सोडताना पानांचा क्रम मोडू नये, कागदाला चिकटपट्टी लावू नये, आणि सपाट उजेडात, पानाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. पाठीवरचा शेरा बहुधा राहून जातो. तारीख पुष्कळदा तेथेच असते.